पहिला तोडा

मैनाचं पत्र येऊन आठ वर्षं झाली होती, आणि गोवर्धनचा अजून उत्तराचा मायनाच ठरला नव्हता.

पत्र चार ओळींचं होतं. 'गोवर्धनभाऊ, यंदा बागेच्या तोड्याले बोलावणं आलं नाही. माझं काय चुकलं? दादाले विचारायची हिंमत होत नाही. तू तरी लिही.' एवढंच. अकोल्याहून आलेलं, निळ्या आंतरदेशीय कागदावर, अक्षर शाळेतलं तसंच उजवीकडे कललेलं. ज्या माणसाने जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर चिकटवले, त्याला चार ओळींचं उत्तर चार ओळींत देता आलं असतं. पण 'चि. सौ. मैना' लिहावं की नुसतं 'प्रिय मैना', यात पहिला हिवाळा गेला. पुढच्या वर्षी मायना जमला तर मजकूर अडला. तिसरा खर्डा बरा उतरला होता, पण त्यात एकाच वाक्यात 'परंतु' दोनदा आला, म्हणून तो पुन्हा लिहायला घेतला. चौथ्या वर्षी अकोल्याचे जावई वारले आणि 'चि. सौ.' लिहिलेला तो कागद फाडावाच लागला.

तोवर मैनाने उत्तराची वाट पाहणं सोडून दिवाणी दावा लावला होता. कोर्टाच्या समन्सला मात्र वेळेत उत्तर गेलं. तिथे मायना वकिलाने घातला.

उत्तर गोवर्धनला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, हीच अडचण होती. मोर्शीच्या बागेचा पहिला तोडा घरच्या लेकीच्या हातानं व्हायचा, ही काळबांड्यांची रीत. व्यापाऱ्याने झाडावरच्या मालाचा सौदा केला तरी लेकीने पहिलं संत्रं तोडून बापाच्या हातावर ठेवल्याशिवाय त्याची माणसं बागेत शिरत नसत. लग्न होऊन अकोल्याला गेल्यावरही मैना दर बहाराला येई. बाबा गेल्यावर ती ते संत्रं थोरल्या खुशालदादाच्या हातावर ठेवू लागली. मग एका वर्षी तिने तोडा केला आणि तिसऱ्या दिवशी गारपीट झाली. पार वरूडपर्यंत झाली, पण दादाच्या बायकोने, कौशल्यावहिनींनी, हिशेब आपल्या बागेपुरता मांडला. "नणंदेचा हात लागला अन् बाग गेली," त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी बोलावणं गेलं नाही. त्या वर्षी गारा नव्हत्या, तरी निम्मी फळं गळून पडली. तेव्हा कुणाचा हात लागला होता, हे वहिनींना विचारायची छाती कुणाची नव्हती.

हे सगळं पत्रात कसं लिहायचं?

*

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी अमरावतीला राजापेठेतल्या घरी सगळे जमले. खालच्या मजल्यावर खुशालरावांच्या मुलाच्या, शिवमच्या क्लासची पोरं बेंबीच्या देठापासून सूत्रं घोकत होती. वरच्या खोलीत खुशालराव पलंगावर मांडी घालून बसले होते, आणि त्यांच्यापुढे निकालाचा कागद असा पडला होता, जणू मांजराने उंदीर आणून टाकावा. बागेत तिघा भावांबरोबर बहिणीचाही चौथा हिस्सा, असं कोर्टाने म्हटलं होतं.

"त्या वकिलानं बुडवलं आपल्याले," खुशालराव म्हणाले. "निस्ता तारखा घेत राहिला. आता अपील. वकील नवा."

"वकिलानं नाई बुडवलं दादा," धाकटा चंद्रभान चहा बशीत ओतत म्हणाला. "तुह्या तोंडानं बुडवलं."

"माह्या? म्या काय केलं बे?"

"कैफियतीत आपुन काय लिवलं होतं? का लग्न झाल्यापासून मैनाताईचा बागेशी संबंध नाई. बरोबर? अन् तिच्या वकिलानं उलटतपासणीत तुले पुसलं, पहिला तोडा कोन करते? तं तू छाती काढून सांगतं, 'काळबांड्याच्या बागेचा तोडा लेकीच्या हातानं होते, साऱ्या मोर्शी तालुक्यात पुसा! तिच्या हाताबिगर आमी व्यापाऱ्याले पाय ठेवू देत नाई!' जज खाली मान घालून लिवून राहिला होता, अन् तू त्याले म्हनतं, 'लिवा साहेब, बराबर लिवा.'"

"मंग? खोटं हाय काय ते?" खुशालराव कडाडले. "घराण्याची इज्जत हाय ते. इज्जत इचारल्यावर मानूस काय चूप बसते?"

कौशल्यावहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "यायले पहिल्यापासून कोनी इज्जत इचारली का तोंडाले कुलूपच राहत नाई," त्या म्हणाल्या. "माह्या बापाच्या घरी पाहाले आले तवाबी असंच. मुलगा काय करते पुसलं, तं हे आपल्या बैलायबद्दल सांगत बसले."

चंद्रभान हसला. तो सकाळी मोठ्या भावाच्या बाजूने असे आणि दुपारी स्वतःच्या. कालच त्याने गोवर्धनला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "भाऊ, चौथा हिस्सा देऊन टाकू अन् मोकळे होऊ. कोर्टात जिंदगी गेली." आज तो वकिलाचं वय, जात आणि सासर विचारत होता.

कारण वकील निवडायचा कार्यक्रम सुरू झाला होता, आणि तो नेमका मुलगी पाहायच्या कार्यक्रमासारखा चालला होता. एक वकील शिकलेला होता, पण त्याचा मामा मैनाच्या नात्यात होता. दुसऱ्याचं घराणं चांगलं, पण तो दारू पीत असे. तिसरा सगळ्या बाजूंनी पसंत पडत होता, पण कौशल्यावहिनींनी त्याला एका लग्नात पंगतीत दोनदा बासुंदी मागताना पाहिलं होतं. "हावरा मानूस," त्यांनी निकाल दिला, आणि त्यावर अपील नव्हतं.

शेवटी शिवम मोबाईलवर बोट फिरवत म्हणाला, "अकोल्याचे एक आहेत. ए. एम. सोनोने. जमिनीच्या अपिलात सगळे त्यांचंच नाव घेतात. अमरावतीच्या कोर्टातही येतात."

"अकोल्याचा!" खुशालरावांचे डोळे चमकले. "मैनेच्या गावचाच वकील मैनेवर सोडतो. जमलं. पन पित्तर चालू झाले. पंधरा दिवस नवं काम नाई."

"बाबा, मुदत तीस दिवसांची आहे."

"अरे, पितरायच्या जमिनीसाठी भांडून राहिलो, अन् पितरायलेच नाराज करू?"

"अन् पित्तर उठले का घट बसतात," कौशल्यावहिनी म्हणाल्या. "घटात म्या घरातलं मानूस कोर्टकचेरीले जाऊ देत नाई. दसरा पाहा. साडेतीन मुहूर्तातला हाय."

अशा रीतीने तीस दिवसांतले सत्तावीस दिवस धर्मकार्यात गेले. सर्वपित्रीला बाबांच्या नावाचं पान वाढलं. खुशालरावांनी हात जोडून बाबांकडे अपिलात यश मागितलं. बाबांनी मैनाला काखेत घेऊन बाग दाखवल्याचा फोटो पूर्वी मागच्याच भिंतीवर असे. तो तीन वर्षांपूर्वी उतरवून कपाटावर ठेवला होता, तोंड भिंतीकडे करून. गोवर्धनने जेवताना दोनदा तिकडे पाहिलं आणि कढीत मीठ कमी असल्याचंही सांगितलं नाही.

त्याला एकच गोष्ट कळली होती, आणि तिने त्याची झोप उडवली होती. जिना उतरताना खुशालदादा खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "गोवर्धन, या खेपेस तुले बोलाचं हाय. बाबाच्या तेरवीले मैना तुह्यासमोर म्हनली होती ना, 'मले काही नको'? तेवढं लिवून द्याचं. बस."

पहिल्या वकिलाने गोवर्धनला साक्षीला उभं केलंच नव्हतं. हा माणूस नाव सांगायला अर्धा तास घेईल, असा त्याचा अंदाज होता. अंदाज फार चुकीचा नव्हता.

आणि मैना तेरवीला तसं म्हणाली होती, हेही खरं होतं.

*

दसऱ्याच्या सकाळी गाडी मूर्तिजापूरवरून अकोल्यात शिरली. पुढे शिवम आणि खुशालराव, मागे चंद्रभान, कौशल्यावहिनी आणि मधे अंग चोरून गोवर्धन. वहिनींच्या मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी होती, वकिलाला सोनं द्यायला.

"डावीकडून घे," खुशालराव एकदम म्हणाले.

"बाबा, उजवीकडून जवळ आहे."

"सांगतलं ना, डावीकडून!"

उजवीकडच्या रस्त्यावर मैनाचं घर होतं. सणाच्या दिवशी बहिणीच्या दारावरून गाडी नेली आणि ती दारात उभी असली, तर उतरून सोनं द्यावं लागलं असतं. म्हणून सीमोल्लंघनाला निघालेले काळबांडे अख्ख्या भाजीबाजाराला वळसा घालून, एका ठेल्याला आरसा घासून, अर्ध्या तासाने वकिलाच्या दारात पोचले.

ऑफिसात कायद्याच्या पुस्तकांची पूजा मांडली होती. लाल पुठ्ठ्यांच्या चळतीवर झेंडूचं फूल, कुंकू लावलेला टाइपरायटर, आणि टेबलामागे पन्नाशीची, केस आखूड कापलेली एक बाई.

"साहेब केव्हा येतीन?" खुशालरावांनी विचारलं.

"साहेब नाहीत. मीच सोनोने. बसा."

खुशालराव बसले नाहीत. त्यांनी शिवमकडे पाहिलं. शिवमने मोबाईलकडे पाहिलं. चंद्रभानला खोकल्याची उबळ आली.

"बाई?" खुशालराव हळूच म्हणाले, पण त्यांचं हळूच शेजारच्या दुकानात ऐकू जाई.

"आरती मोहनराव सोनोने. भावांच्या बाजूने लढले, बहिणींच्याही. मी फी घेते, बाजू घेत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी शिवमच्या हातातल्या निकालावरची तारीख पाहिली. "तुम्हाला चालत नसेल तर आजच सांगा. तुमचे तीन दिवस उरलेत."

कौशल्यावहिनींनीच आधी खुर्ची ओढली. "बसा वो तुमी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सुगरणीची खिचडी खाताना कुठं पाहता, कोन शिजवून राहिलं म्हनून?" आणि त्यांनी आपट्याची पानं टेबलावर ठेवली.

वकीलबाई निकाल वाचत गेल्या. पेन्सिलीने एकेक ओळ मोजत उलटतपासणीशी आल्या, आणि थांबल्या. "'तिच्या हाताशिवाय आम्ही व्यापाऱ्याला बागेत पाय ठेवू देत नाही.' हे तुम्ही म्हणालात?"

"हो," खुशालराव म्हणाले. मान अजूनही थोडी ताठच होती.

"कुणी विचारलं होतं का एवढं?"

"नाई. पन सांगाले काय हरकत होती?"

बाईंनी पेन्सिल कानामागे खोवली. "बरं. अपील होईल. पण अपिलापेक्षा महत्त्वाची स्थगिती. ती मिळाली की वाटणी थांबते. मग तुमचा नंबर येईपर्यंत सात-आठ वर्षं निघतात." त्यांनी कागद पुढे ओढला. "समोरच्या बाईंचं वय?"

"सदुसष्ट," चंद्रभान म्हणाला.

बाईंनी लिहिलं. 'सदुसष्ट'च्या खाली त्यांनी एक रेघ ओढली. सदुसष्टात आठ मिळवायचे होते. हिशेब इतका सोपा होता की शिवमच्या क्लासमधलं पोरगंसुद्धा तो तोंडी करू शकलं असतं. खुशालराव झेंडूच्या फुलाकडे पाहू लागले. गोवर्धनला आपल्या शर्टाच्या खिशातला निळा कागद एकदम जड वाटला. कोरं आंतरदेशीय पत्र. जुना शर्ट धुवायला टाकताना तो ते काढी आणि नव्या शर्टात ठेवी. कडा पार मऊ झाल्या होत्या.

"स्थगितीसाठी काहीतरी नवं लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "तोंडी सोडलेला हक्क कागदावर टिकत नाही, ते मी आत्ताच सांगते. पण सख्खा भाऊ, शिकलेला, ज्याची साक्ष झाली नाही, असा कुणी शपथेवर म्हणाला, की बहिणीने माझ्यासमोर हक्क सोडला, तर सुरुवातीला वजन पडतं. दोन नंबरचे प्रतिवादी कोण?"

चौघांनी एकदम गोवर्धनकडे पाहिलं. सत्तर वर्षांत घराने त्याच्याकडे इतकं एकमताने कधी पाहिलं नव्हतं.

"सांग," खुशालराव म्हणाले. "तेरवीले मैना काय म्हनली?"

गोवर्धनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे... नेमके शब्द सांगायचे?"

"नेमकेच," बाई म्हणाल्या.

"मागच्या पडवीत होतो आम्ही. ती भांडी पुसत होती. दादा दारात आला आणि म्हणाला, बागेचं काय करायचं. ती म्हणाली, 'मले काही नको...'"

"झालं!" खुशालरावांनी मांडीवर थाप मारली. "लिवा."

"झालं नाही, दादा." गोवर्धनचा आवाज इतका खाली गेला की बाईंना पुढे वाकावं लागलं. "तू तेवढं ऐकून गेलास. तिचं बोलणं संपलं नव्हतं. ती म्हणाली, 'मले काही नको, निस्तं तोड्याले बोलावत जा.'"

बाईंनी लिहिता हात कागदावरून उचलला.

"मंग हे आजवर काहून नाई सांगतलं?" चंद्रभानने विचारलं.

"कुणी विचारलं नाही," गोवर्धन म्हणाला, आणि ते खोटं आहे हे त्याला म्हणताक्षणीच कळलं. एकीने विचारलं होतं. लेखी विचारलं होतं.

कौशल्यावहिनींनी पदर सावरला. "भाऊजी, अर्धं लिवलं म्हनून काय खोटं होते? खरं ते खरंच राहते ना. आपुन काय त्याच्यात भर घालून राहिलो?"

"गारपिटीचं पण लिहू का, वहिनी?"

त्यालाच नवल वाटलं. हे वाक्य त्याने एकाही खर्ड्यात लिहिलं नव्हतं. वहिनींचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. त्यांच्या संसारात असा प्रसंग दुसऱ्यांदा येत होता, आणि पहिल्यांदा दात काढायचा होता.

"गारपीट काय?" वकीलबाईंनी विचारलं.

"काई नाई, हवामानाचं हाय," चंद्रभान घाईने म्हणाला.

खुशालराव उठून गोवर्धनच्या पुढ्यात आले. कपाळाची शीर तट्ट झाली होती, पण आवाज भलताच मऊ होता, आणि तेच जड गेलं. "हे पाह्य गोवर्धन. म्या तुले शिकवलं. बाबा म्हनत होता बागेत लाव याले, म्या म्हनलो नाई, याचे हात पुस्तकाचे हायेत. तुह्या फीसाठी म्या दोन वर्स नवी चप्पल घेतली नाई. आता एक सही मांगून राहिलो."

हे खरं होतं. अक्षरन् अक्षर खरं होतं. गोवर्धनने त्याच्या पायांकडे पाहिलं. आज त्या पायांत चांगले चामड्याचे बूट होते. त्याच्या मनात आलं, आपण चुकत असू. नेहमी आपणच चुकतो. सही केली तर दादा घरी जाऊन नीट जेवेल. मैनाला कळणारही नाही की शपथपत्र कुणाचं. मग लक्षात आलं, की कळेल. खाली नाव असतं.

"पूर्ण वाक्य लिहिणार असाल तर सही करतो," तो म्हणाला.

"पूर्ण वाक्याचा मला उपयोग नाही," बाई सरळ म्हणाल्या. "त्याने समोरच्या वकिलाचंच काम होईल. राहू द्या शपथपत्र. पण वकीलपत्रावर तरी सही करता का? अपिलात तुम्ही आहात की नाही?"

"नाही," गोवर्धन म्हणाला. आयुष्यातलं त्याचं हे सगळ्यात आखूड वाक्य असावं. त्यात 'परंतु' नव्हता.

"मग नियमाप्रमाणे ह्यांना समोरच्या पक्षात टाकावं लागेल. बहिणीच्या खाली ह्यांचं नाव येईल." बाईंनी खाडाखोड केली. "बाकी दोघं सही करा. इथे, आणि इथे."

चंद्रभानने पेन घेतलं. निकालाच्या दिवशी चौथा हिस्सा देऊन मोकळा होणारा चंद्रभान. सही करताना त्याने गोवर्धनकडे पाहून खांदे उडवले, म्हणजे 'काय करतं भाऊ, दादाच्या गाडीत आलो ना.' खुशालरावांची सही मात्र दोनदा चुकली.

बाहेर आल्यावर खुशालराव गाडीचं दार धरून उभे राहिले. "तू एस्टीनं ये," ते म्हणाले. मग शिवमला म्हणाले, "याच्याजवळ पैसे हायेत का पाह्य," आणि उत्तर यायच्या आत काच वर केली.

*

गोवर्धन स्टँडच्या दिशेने चालत होता. मैनाचं घर दोन गल्ल्यांवर होतं. जावं, कडी वाजवावी, आत जावं. लोक असं रोज करतात. त्याची पावलं त्या वळणापर्यंत गेली आणि तिथे त्याला आठवलं, की जावई गेले तेव्हा तो त्या घरात दीड तास बसला होता आणि तिच्याशी बोलण्यासाठी त्याने फक्त 'पंखा जरा आवाज करतो' एवढं वाक्य शोधून काढलं होतं.

वळणावर टपालपेटी होती आणि तिच्याखाली झेंडूचे ढीग लावून एक म्हातारी माळीण बसली होती.

"फुलं देऊ का, बाबाजी?"

"नको. तुमचा तो लाकडी खोका जरा पालथा देता का? लिहायचं आहे."

तिने खोका दिला. तो फुटपाथवर बसला आणि खिशातून मऊ झालेला निळा कागद काढला.

"आज दसऱ्याच्या दिवशी काय लिवून राहिले?"

"बहिणीला पत्र."

"कुठं राहते ते?"

"ही काय, पलीकडच्या गल्लीत."

माळिणीचे हार गुंफते हात थांबले. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग जाऊन सांगा ना बापा! टपाल काहून?"

"तिने टपालाने विचारलं होतं," गोवर्धन म्हणाला.

हे तिला पटलं असावं, किंवा अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा हार गुंफणं बरं असं वाटलं असावं. ती पुन्हा कामाला लागली. त्याने मायना घातला नाही. लिहिलं :

'मैना, तुझं काही चुकलं नव्हतं. त्या वर्षी गारा पडल्या, आणि आम्हाला कुणाचं तरी नाव घ्यायचं होतं. तुझं घेतलं. मी ऐकत होतो आणि गप्प बसलो. तेरवीला तू काय म्हणालीस ते मला पूर्ण आठवतं. कोर्टाने विचारलं तर पूर्ण सांगीन. अपील होत आहे. त्यात माझं नाव तुझ्या खाली असेल. गोवर्धन.'

त्याने कडांना जीभ लावली, कागद मुडपून चिकटवला, पत्ता लिहिला. उभा राहिला. पेटीच्या तोंडाशी हात नेला आणि सोडला. आत कागद पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

आणि लगेच त्याला वाटलं, की 'चुकलं नव्हतं'च्या ऐवजी 'चुकलं नाही' हवं होतं. त्याने घाईने पेटीत हात घातला. बोटं आत गेली, पंजा अडकला. दोनदा प्रयत्न करून पाहिला. टपालखात्याने अशीच माणसं डोळ्यांपुढे ठेवून त्या पेटीचं तोंड बनवलं असावं.

"पडलं काय आत?" माळिणीने विचारलं.

"पडलं," गोवर्धन म्हणाला, आणि हात बाहेर काढला.